आईचा आवाज येत नाहीये

भाईंदर पश्चिम,
मंगळवार

तीर्थरूप मंदाताईस,

धाकट्या उत्तमचा इथूनच देवरुखाच्या दिशेने वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आम्ही ठीक, म्हणजे संचिताला पित्त आणि मला तिच्या पित्ताचा त्रास (पत्र तिला वाचून दाखवणार नाहीये).

कारण असं की, आईच्या वर्षश्राद्धाला जमलेल्या माणसांना तिचा छोटा व्हिडिओ दाखवावा असं मनात आलं आणि तिथून माझे ग्रह फिरले. संचिताने फोनवर घेतलेले आईचे बारा तुकडे होते. आमच्या निकेतने बेंगळुरूला नोकरीला जाताना जुना कॉम्प्युटर मला दिला, त्यात लिनक्स. (म्हणाला, यात व्हायरस येत नाही. खरंय, पण बाकीचंही बरंच काही येत नाही.) व्हिडिओ जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. चित्र सुरेख. आई खाटेवर बसलीय, पेज पितेय, बोलतेय, आणि आवाज नाही! डॉक्टरने तोंडात थर्मामीटर ठेवल्यावरही जी बाई गप्प बसली नाही, ती माझ्याकडे येऊन मुकी झाली. आवाजाच्या लाटा दिसायच्या तिथे नुसती सरळ रेघ. तसली रेघ हॉस्पिटलात एकदा पाहिलीय, त्यामुळे त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आधी वाटलं स्पीकर गेले. केबिन रोडला जाऊन नवे आणले. त्यावर बातम्या खणखणीत, आई मुकीच. परत गेलो तर दुकानदार म्हणतो, "अंकल, विंडोज डाल दो, मम्मीजी बोलेगी." मग सॉफ्टवेअरमधली दिसतील ती बटणं दाबली, त्यात आई एकदा उलटी झाली. इंटरनेटवर शोधलं, तर कुणा परदेशी माणसाला आठ वर्षांपूर्वी हेच झालेलं. आणि खाली त्यानेच लिहिलेलं, सुटला प्रश्न, धन्यवाद. कसा सुटला ते नाही. अशा माणसांचं काय करावं?

चार दिवस असे गेले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची स्वप्नाली, जी लग्नांचे व्हिडिओ बनवते, तिला बोलावलं. तिने बघितलं आणि मायेने म्हणाली, "काका, तुमचं काही चुकलं नाहीये. फोन आवाज ज्या साच्यात साठवतो, तो लिनक्सवरची ही फुकटची आवृत्ती वाचतच नाही. आवाज आहे. याला कळत नाहीये, एवढंच." मग काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून तिने बाराही तुकड्यांचा आवाज दुसऱ्या साच्यात ओतला.

आणि आई बोलली. वर्षाने. पहिलं वाक्य, "पेजेत मीठ कमी हाय गो." संचिता उठून आत गेली (रडायला की रागाने, विचारलं नाही). मी पुढचे तुकडे लावत गेलो.

तर आता सगळं ठीक आहे. तुम्ही दोघं या. भावोजींना नमस्कार.

तुझा,
उत्तम

ता.क. सगळं ठीक नाहीये. सातव्या तुकड्यात आई विचारतेय, "मंदा इली काय?" आणि मी घास भरवता भरवता सांगतोय, "उद्या येतेय." आई तीनदा विचारते, मी तीनदा तेच सांगतो. ताई, मी तुला कळवलंच नव्हतं. तू फोन केलास की 'बरी आहे' म्हणायचो. दोन वर्षं तिचं सगळं मी केलं आणि शेवटी तिच्या तोंडी नाव तुझं, याचा राग होता मला. लोकांना मात्र सांगितलं, ताईला जमलं नाही.

ता.क. २. स्वप्नाली म्हणते, एवढ्या तुकड्याचा आवाज बंद करता येतो, एका बटणाचं काम आहे. मी दाबलेलं नाही. श्राद्धाच्या आदल्या दिवशी ये, एकटी. तू ऐक आणि मग सांग, दाबू का.