राहुटीविना दौरा

१२ मार्च १९३४, सोमवार. नंदुरबार.
नवी वही सुरू केली. जुन्या वहीत नुसते संकल्पच होते, म्हणून ती पुढे चालवली नाही.

जंगलखात्यात टेम्पररी मोजणी कारकून होऊन मला आज तीन वर्षे झाली. पर्मनंट करण्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. सासरे हिंमतराव पाटील यांनी दिवाळीला माझी बायको जसोदा हिला माहेरी रनाळ्याला नेले ते नेलेच. आणायला गेलो तर ओट्यावर चार माणसांत म्हणाले, "जवाईबापू, आधी कायम व्हा, मंग पोर धाडसू." योग्य वेळी बोलेन.

योग्य वेळ आली आहे. खापर गावाच्या पलीकडे डोंगरात सागाची मोजणी निघाली आहे. तीन एप्रिलला साहेब जातीने तपासायला येणार. मोजणी पुरी आणि माझी योजना यशस्वी, की मी पर्मनंट.

योजना अशी. राहुटी न्यायचीच नाही! राहुटी म्हटली की गाडी आली, बैल आले, गाडीवान आला, खुंट्या ठोकायला दोन माणसे आली. त्याऐवजी वर एक ताडपत्री आणि निजायला मेणकापडाची पिशवी. माणूस पिशवीत शिरतो, बटणे लावतो, झोपतो. साहेबांच्या व्हरांड्यातल्या इंग्रजी मासिकात चित्र पाहिले. बर्फात चार गोरे असे झोपले होते आणि चौघेही हसत होते.

१४ मार्च.
साहेबांना योजना लेखी दिली, साडेसात पाने. मुख्य मुद्दा: जे नसल्याने काम अडत नाही ते खात्याने पोसू नये. हे वाक्य मला फार आवडले. दोनदा घातले आहे.

साहेब "ट्राय इट" म्हणाले. वर पाहिले नाही, पण आवाजात कौतुक होते.

१७ मार्च.
पिशवी तयार. जाड कापड नवल शिंप्याने शिवले, वॉटरप्रूफिंग मी स्वतः केले. अळशीचे तेल आणि मधाच्या पोळ्याचे मेण, एकत्र गरम करून तीन हात. वास उग्र आहे. वास जाईल.

एक बारीक गोष्ट. नवलने बटणे बाहेरून लावली आहेत. हात आत, बटणे बाहेर. मी चूक दाखवली तर म्हणतो, "आतमा बठीसन बटन लावाले मी काय उंदीर शे का?" शिवाय लग्नसराईचे कपडे पडलेत, दोन आठवडे सुई उचलणार नाही म्हणाला. विचार केला. बाहेरची बटणे एका अर्थी बरीच. आत धूळ जात नाही.

१९ मार्च.
रनाळ्याहून कोणी आले होते, त्याच्या हाती जसोदाचा निरोप. "खाटवर बी तुम्हले नीज येत नही, अन् आते पिशवीमा?" काळजी करते. बरे वाटले. आणखी काही निरोप आहे का म्हणून विचारले. नव्हता.

२२ मार्च. मुक्काम, डोंगरातला पाडा.
खापरपर्यंत गाडी, पुढे पायी. पिशवी आणि ताडपत्री मिळून राहुटीपेक्षा हलकीच, पण राहुटी मी कधी पाठीवर घेतली नव्हती. अर्ध्या चढानंतर जंगलखात्याचा गार्ड दलपत याने दोन्ही घेतले. तो इथलाच. पाड्यावरची बोली तो मला उलगडून सांगतो.

एक डेरेदार झाड पाहून ताडपत्री बांधली. दलपत म्हणाला, "भाऊसाहेब, हाई झाड पारुबाईनं शे. मोहाना दिन शेतस." मी त्याला समजावले की राखीव जंगलातले झाड सरकारचे असते. तो हो म्हणाला.

संध्याकाळी बटणे दलपतने लावली. अकरा आहेत. उद्यापासून मोजणी. रोज शंभर झाडे.

२३ मार्च.
पहाटेपासून अंगावर टप टप. पाऊस वाटला. डोळे उघडले तर मोहाची फुले, ताडपत्रीवर ढीगभर. ताडपत्री मध्ये लोंबून माझ्या नाकाला लागली होती. हलता येईना. दलपत त्याच्या घरी झोपलेला.

उजाडताना एक म्हातारी टोपली घेऊन आली. हीच पारुबाई. तिने आधी फुले भरून घेतली, सगळी. मग माझ्याकडे पाहिले. मी मराठीत बटणांचा विषय काढला. तिला मराठी येत नाही. ती टोपली घरी ठेवून आली आणि मग एकेक बटण सोडवले. वर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या थोरल्या नातवाला माझ्याएवढा मुलगा असेल, असे दलपतने मागाहून सांगितले. ते हिशोबात बसत नाही.

ऊन झाल्याने मोजणी थोडी. एकोणीस झाडे.

२४ मार्च.
इथे प्रत्येक मोहाच्या झाडाला धनी आहे. खाली पडलेले फूल त्या घराचे. सरकारी कागदात हे नाही, पण सरकारी कागद इथे कोणाकडेच नाही.

मुक्काम हलवायला निघालो तर पारुबाई आडवी आली. तिचे म्हणणे, ताडपत्रीवरचे फूल स्वच्छ राहते, मातीत वेचावे लागत नाही, कंबर दुखत नाही. मी राहावे. मी जायचे तर जावे, ताडपत्रीने राहावे.

राहिलो. लोकांशी सलोखा हाही कामाचा भाग आहे. सत्तावीस झाडे.

२६ मार्च.
बाज्या नावाचा एक शेतकरी भांडायला आला. माझ्याशी नाही, पारुबाईशी. भाऊसाहेबाची ताडपत्री तिलाच का? पंच बसले. मला बोलावले नाही. निकाल दलपतने आणला: आज पारुबाई, उद्या बाज्या, परवा पलीकडचे घर. ताडपत्री जाईल तिथे मी जायचे.

मी दलपतला बजावले की माझा मुक्काम मीच ठरवणार. मग बाज्याच्या झाडाखाली ताडपत्री बांधली. चढावर आहे, हवा चांगली.

२७ मार्च.
उतारामुळे पिशवीसकट घरंगळलो. फार नाही. करवंदीच्या जाळीने धरले. बाज्याने आधी फुले भरली, मग मला. सहा झाडे.

२९ मार्च. सकाळी दहा वाजता लिहीत आहे.
पहाटे कोणीतरी पिशवीवरून ओलसर काही फिरवले. मला वाटले पारुबाई आज लवकर आली. हाक मारली. पारुबाई घोरत नाही, आणि तिच्या तोंडाला असा वास येत नाही. अस्वल होते. आधी त्याने खाली पडलेला मोह खाल्ला. मग त्याला पिशवीवरच्या मेणाचा वास लागला. गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत पिशवी चाटली. मेणाचा दुसरा हात मी दंडापाशी जाड दिला होता. तिथे फार वेळ थांबले.

मी अत्यंत स्थिर राहिलो. बटणे बाहेर होती हे माझ्या स्थिरतेचे एकमेव कारण नाही. जसोदाचे नाव मात्र तोंडातून तीन-चारदा गेले.

शेवटी पारुबाई पत्र्याचा डबा बडवत आली. अस्वल गेले. ती मला सोडवून बाजूला बसली आणि खूप हसली. मीही हसलो. मग रडू आले. तिने मूठभर भाजलेला मोह हातावर ठेवला.

दुपारी झाडे मोजली नाहीत.

१ एप्रिल.
संकल्प: आज आणि उद्या मिळून नऊशे झाडे.

२ एप्रिल.
पाय मुरगळला. अकरा.

३ एप्रिल.
साहेब दुपारी येणार होते. सूर्य उगवायच्या आत आले, घोड्यावरून. मी पिशवीत. पाळी पलीकडच्या घराची होती, त्यांची फुले भरून व्हायची होती. साहेबांना सलाम करता आला नाही, हात आत होते. मान हलवली.

साहेबांनी दलपतला विचारले, हे काय आहे. दलपत म्हणाला, "कारकून शे, साहेब."

मोजणीचा आकडा विचारला. मी दोनशे सतरा म्हणालो. दलपतने खिशातून दोरा काढला. दर दहा झाडांना एक गाठ. मी पिशवीत असायचो तेवढ्या वेळात तो रोज पहाटे जाऊन मोजत होता. अकराशे चार, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा तुकडा, कूप, पुरा. साहेबांनी चार ठिकाणी पडताळा घेतला, बरोबर निघाला. मोजणी पुरी झाली हे महत्त्वाचे. माझ्या हाताखालची माणसे तयार आहेत हे साहेबांनी पाहिलेच.

साहेबांनी ताडपत्रीची दोरी ओढून पाहिली आणि वहीत काही लिहिले. बराच वेळ लिहीत होते. शुभ चिन्ह.

२० एप्रिल. नंदुरबार.
मंजूर! मंजूर! इंग्रजी ऑर्डर हातात आली. पहिलेच वाक्य: "कारकून लोटन यांची काटकसरीची सूचना खाते आनंदाने स्वीकारत आहे." पुढे राहुट्या, गाड्या, गाडीवान बंद. माझे वाक्यही घेतले आहे, जे नसल्याने काम अडत नाही ते खात्याने पोसू नये. माझे वाक्य, सरकारी कागदावर!

आळीभर जिलबी वाटली. लगेच माणूस रनाळ्याला पिटाळला: साहेब खूश, सूचना मंजूर, आता जसोदाला धाडा.

२१ एप्रिल.
ऑर्डरला दुसरे पान आहे. टाचणीने मागे जोडले होते. काल पाहिले नव्हते.

"त्याच तत्त्वानुसार, मोजणीचे काम गार्ड एकटा करू शकतो असे मुक्कामावर आढळल्याने, सदर टेम्पररी कारकुनाची जागा एक मेपासून रद्द करण्यात येत आहे."

तीनदा वाचले. इंग्रजीत दुसरा काही अर्थ निघतो का पाहिले. रनाळ्याच्या वाटेवर फाट्यापर्यंत पळत गेलो. माणूस कालच पोचला असणार. परत आलो.

२२ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.
दुपारी हिंमतरावांची गाडी दाराशी उभी राहिली. जसोदाची पेटी, गव्हाचे पोते, तुपाचा डबा, आणि मागे जसोदा. सासऱ्यांनी आळीतल्या लोकांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "लोटनराव, मी चुकनू." आजवर त्यांनी मला लोटनराव म्हटले नव्हते. मी मान खाली घातली. त्यांना वाटले, गहिवरलो. गहिवरलोही होतो.

ते गेले. जसोदाने घर झाडले, चूल सारवली, आता भाकरी थापते आहे. मधेच विचारले, कायमचा पगार कितीपासून सुरू होतो. मी म्हणालो, एक मेपासून बदल आहे. ती हसली. सहा महिन्यांनी हे हसणे ऐकले. ते थांबवायचा धीर माझ्यात नाही.

तिला सांगायला हवे. जेवण झाल्यावर सांगतो. ती दमली आहे, उद्या सांगतो.