रेघांमधली आई

ईट, १९८६

वसंतदादा,

दुष्काळात आईनं बायका जमवून विहीर खणली, त्यावर ती टीव्हीवर बोलली. ते दाखवलं त्या दिवशी बघायला सगळा गाव आपल्या घरी लोटला, अन् ती चुलीपुढं त्यांचा चहा करत बसली. म्हणाली, "वसंताच्या मशीनमधी भरून ठेव, मी मागनं बघते."

तू अमेरिकेतनं धाडलेल्या व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये भरलं. निघाल्या नुसत्या पळत्या रेघा! सोलापूरचा मेकॅनिक म्हणाला, हे मशीन अमेरिकेतल्या टीव्हीचं, आपल्याकडचं चित्र ह्यात उमटत नाही. तू इंजिनिअर ना? एवढंही बघितलं नाहीस? स्वतः यायला सवड नाही म्हणून खोकं धाडलंस. ये अन् उचलून ने ते!

आई रोज त्या रेघा लावून बसते. "ह्यातच कुठंतरी मी हाय," म्हणते. अन् वर मलाच बजावते, "वसंताला लिहू नको. लई हौसेनं धाडलंय त्यानं."

तुझी बहीण,
चंद्रप्रभा