गंगम्माचा पत्ता

७ एप्रिल, सोमवार

आले बाई एकदाची सोलापुरात! पुण्यात रात्रपाळ्या करून डोळ्यांखाली काळं साचलं होतं. इथं दहा ते सहा काम आणि संध्याकाळ आपली. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर एक खोली मिळालीय. छत तापतं, पण वारा आहे. घरमालकीणबाई लेकीकडं गेल्यात, त्यामुळं ‘कुठं गेली होतीस’ विचारायला कुणी नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन हे लिहितेय. आई माळशिरसहून फोनवर म्हणाली, आता तरी अंग धर.

संस्था छोटी आहे. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना ती शहरात ठिकठिकाणी लपवून ठेवते. कोण कुठं आहे हे बाहेर कळता कामा नये, सगळं काम एवढ्यावर उभं आहे. ही माहिती पूर्वी कपाटात असायची, आता क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये असते. तो सांभाळायला मला घेतलंय. प्रमुख राजशेखर सर भला माणूस, पण कॉम्प्युटर सुरू करताना अजून हात जोडतात. बायकांची ने-आण खातूनबी करतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला डब्यातला अर्धा खिमा वाढला आणि वैजयंती, तू लई वाळलीस म्हणून दटावलं.

९ एप्रिल, बुधवार

सेटिंग्ज उघडल्या आणि कपाळावर हात मारला. जगातल्या कुठल्याही फोनवरून आत यायला मुभा. पासवर्ड सगळ्यांना एकच, संस्थेचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. सर म्हणाले, तालुक्यातल्या कार्यकर्त्या ताया मोबाईलवरून नोंदी भरतात, त्यांना त्रास नको. आपलीच माणसं आहेत की! आपली माणसं खरीच, पण दार सताड उघडं टाकलं तर कुत्रंही घरात शिरतं.

कुणाला काय लागतं ते विचारून घेतेय, दोन दिवसांत कुलपं लावीन. तोवर कोण कुठली नोंद वाचतं हे टिपणारा लॉग चालू केला. नवी कटकट येणार हे कळताच मैंदर्गीच्या ताईंनी फोनवर झापलं, “आमी उन्हातानात हिंडायचं, आन् तुमी एसीत बसून आमालाच कुलूप लावायचं व्हय?” इथं एसी नाही, हे सांगायचंही त्राण उरलं नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार

लॉग वाचला. जुन्या सामायिक पासवर्डानं कुणीतरी आत येतं आणि दिवसभर एकच नोंद उघडतं. गंगम्मा, मैंदर्गी. बाकीच्यांकडं ढुंकूनही बघत नाही.

गंगम्माच्या नवऱ्यानं, शिवप्पानं, गेल्या वर्षी तिच्या अंगावर पेट्रोल ओतलं होतं. शेजारी धावले म्हणून ती वाचली. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मैंदर्गीच्या ताईंना विचारलं, तुमचा फोन कधी दुरुस्तीला गेला होता का? त्या रडायलाच लागल्या. गावात दुकान एकच आहे, म्हणाल्या.

बाहेरचा रस्ता लगेच बंद केला. सामायिक पासवर्ड रद्द, प्रत्येकीला नवा. हे बुधवारीच करायला हवं होतं. खातूनबी सांगत होत्या, गंगम्माला ठेवलंय त्या घरासमोरच्या कोपऱ्यावर कालपासून एक मोटरसायकलवाला उभा असतो. गंगम्माला मागच्या दारानं दुसऱ्या घरी हलवलं. नवा पत्ता डेटाबेसमध्ये भरला. आता तो वाचणार कसा?

१५ एप्रिल, मंगळवार

लॉग कोरा. आमच्या माणसांखेरीज आत कुणी नाही. सगळं दोनदा तपासलं.

आणि शिवप्पा मोटरसायकल घेऊन नव्या घरासमोर उभा आहे. पोलीस येऊन गेले. रस्त्यावर उभं राहायला बंदी हाय का, असं त्यानं त्यांनाच विचारलं म्हणे. ते गेल्यावर परत येऊन उभा.

झोप नाही. पुण्याचं बरं होतं असं वाटतंय.

१६ एप्रिल, बुधवार

पासवर्ड पुन्हा बदलले. लॉग कोराच.

मग सांगतंय कोण? राजशेखर सर? खातूनबी? ज्यांच्या डब्यातलं खाल्लं त्यांच्याकडं आज मी चोरासारखी बघत होते. त्यांना ते कळलं. मला माझीच लाज वाटली, तरी शंका जात नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

गंगम्माला माझ्या खोलीवर आणलं. कुणालाही सांगितलं नाही. सरांनाही नाही, खातूनबींनाही नाही.

नोंद तेवढी भरली. भरावीच लागते, नाहीतर उद्या बरंवाईट झालं तर बाई कुठं होती हे कुणाला कळणार? शिवाय कुलपं मीच लावलीत. माणसांपेक्षा त्यांच्यावर माझा जास्त भरवसा.

ती खिडकीपासून लांब बसते. जेवली नाही.

१८ एप्रिल, दुपार

सुट्टी. गंगम्मा झोपलीय. मी सहज क्लाउडची सगळी केंद्रं, म्हणजे जिथं जिथं डेटा साठवता येतो ती ठिकाणं, उघडून पाहिली. आजवर मुंबईचंच बघत होते. सिंगापूरच्या केंद्रात—

प्रत आहे. जिवंत प्रत. देणगीदारांना आकडे दाखवायला माझ्या आधीच्या माणसानं काढलेली. मुंबईत नोंद बदलली की तिथंही आपोआप बदलते. कुलपं तिला वेगळी लावावी लागतात. कुणीच लावली नाहीत. जुना पासवर्ड चालतो. मी पुढचं दार लावत बसले आणि मागचं—

खातूनबी, मला माफ करा.

बंद केली. पण त्यानं वाचलेलं कसं बंद करू? त्या प्रतीचा लॉग वेगळा; त्यात शेवटचं वाचन आज सकाळचं. गंगम्माची नोंद. पत्ता माझा.

पोलिसांना फोन केला. निघतोय म्हणाले. खातूनबींचा लागत नाही.

गंगम्माला उठवलं, सांगितलं. बाहेर पडायचं तर रस्ता एकच, आणि त्याच रस्त्यानं तो येणार—

लिहीत बसलेय. थांबले तर ओरडेन. या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नाही—

मोटरसायकल.

तिनं आवाज ओळखला. पायात चपला घालतेय. म्हणाली, “मी जाते अक्का. लई दमले. तुमाला तरी सोडंल.” मी तिचा हात धरलाय. नाही सोडणार. खाट दाराला लावली—

जिन्यात पावलं. सावकाश. घाई नाही त्याला.

हाक मारतोय. तिला नाही. वैजयंतीताई, म्हणतोय, अगदी गोड आवाजात. ठेवून घेणाऱ्याचं नाव त्या नोंदीत मीच भर—