पायरीची निळी कड

१८ मार्च १९७५, मंगळवार

बायकोच्या डोळ्यांना चष्म्याचा उपयोग नाही. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी आज स्वतःच सांगितलं. डोळे चांगले आहेत, त्यांच्यामागच्या नसा सुकत चालल्यात. पायाला मुंग्या येणं, तोल जाणं – सगळं त्यातलंच. आजार मेंदूच्या नसांचा. थांबेल का, म्हणून विचारलं. कधी थांबतो, कधी वाढतो, म्हणाले. एवढीच बातमी.

पूर्णेला परतायच्या गाडीत बसलो. परभणी सुटल्यावर बऱ्याच वेळानं सत्यशीला म्हणाली, "पिंगळी आलं का?"

खिडकीशी तीच बसली होती. पाटी तिच्यासमोर होती.

२२ मार्च

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून अंधांच्या संस्थेचे रंगनाथ मास्तर घरी आले. घरीच राहून शिकवतात – पांढरी काठी घेऊन चालणं, स्टोव्ह सांभाळणं, बोटांनी वाचणं. बायको आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. "मला दिसतंय. काठी आंधळ्याला द्या," एवढंच आतून.

मास्तर रागावले नाहीत. चहा घेतला. सध्या मुक्काम परभणीत आहे. बाबासाहेबांच्या जयंतीनंतरच्या शुक्रवारी नांदेडला निघतील, बाईंनी बोलावलं तर मध्ये पूर्णेला उतरतील. त्यानंतर दिवाळीपर्यंत या बाजूला येणं नाही. मी म्हटलं, मीच बोलावतो.

"तुमी नका. शिकायचं त्यांना आहे."

२३ मार्च

पेपरसाठी पाणीटंचाईची बातमी लिहिली. पाकीट संध्याकाळच्या गाडीच्या गार्डकडे दिलं. परत येऊन भाकरी थापल्या. जाड झाल्या.

२९ मार्च

ती शिकवते त्या शाळेत अशक्तपणा म्हणून कळवलंय. वस्तीत तेवढंही नाही. कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं शपथ घातली आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा काय सांगायचं?

पूर्वी माझा मजकूर तीच तपासायची. आता मी वाचतो, ती ऐकते. आजही ऐकता ऐकता म्हणाली, "'प्रचंड' काढा. मोर्चा एवढासा होता." काढला. ती बरोबर असते तेव्हा जरा बरं वाटतं. बाकी अंग मोडून आलंय. धुणं तसंच पडलंय.

६ एप्रिल, रविवार

जयंतीचा चुना मारणं सुरू झालं. बुद्धविहार झाला, आता घरं. लोको शेडमधला चंद्रभान बादली घेऊन आमच्याकडे आला. भिंती झाल्यावर मी पायऱ्याही मारायला सांगितल्या. फलाटाच्या कडेला पांढरा पट्टा असतो, लांबून दिसतो – तसा तिलाही दिसेल, हा माझा हिशेब. चंद्रभान म्हणाला, "पायरीला कुठं चुना मारतेत का? उद्या सगळ्या वस्तीचे पाय उमटतील." त्याला कारण सांगता येईना. मार म्हटलं.

७ एप्रिल

ती पडली.

सकाळच्या उन्हात बाहेर निघाली होती. भिंत पांढरी, पायऱ्या पांढऱ्या, समोरचं अंगण उन्हानं पांढरं. कपाळाला खोक पडली. "सगळं एकच झालंय," म्हणाली. "दुधात उभं केल्यावानी."

शेजारच्या तानुबाई धावत आल्या. हळद दाबून धरली, तिच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला आणि सगळं समजल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, जगाच्या बातम्या देता. अन् घरचीच दाबून ठेवली व्हय?"



९ एप्रिल

खोक भरत्येय. पायरीच्या कडेला गडद काहीतरी लावा, असं तिनंच तानुबाईंना सांगितलं. आधी काव लावून पाहिली. तिला ती मातीसारखीच दिसली. मग चंद्रभाननं झेंड्याच्या काठ्यांसाठी आणलेला निळा ऑइलपेंट काढला. "सायबाचा रंग हाय, बाई. ह्यो तरी दिसंल." दिसला! हात न धरता उतरली, चढली, पुन्हा उतरली. चंद्रभान म्हणाला, आता बास करा, रंग वाळू द्या.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. मास्तरांची गरज पडणार नाही, असं मनात येऊन गेलं.

१२ एप्रिल

अख्ख्या गल्लीनं पायऱ्यांच्या कडा निळ्या केल्या. कुणी सांगितलं नव्हतं. जयंतीच्या सकाळी सत्यशीला दरवर्षी घरोघरी जाऊन बायकांना विहारात नेते, बुद्धवंदना तीच सांगते. तानुबाई म्हणाल्या, आवंदाही बाईच येनार, कुनाच्या पायरीला अडखळू ने.

मी बातमी लिहिली. तिला वाचून दाखवली. सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "चांगली झालीय. देऊ नका." पाकीट रिकामं कसं पाठवू? बाजारभाव पाठवले.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरं पातळ नेसून घरोघरी गेली. मी मागे, थोडं अंतर ठेवून. दर पायरीशी थांबायची, खाली बघायची, मग पाय टाकायची. तानुबाई शेजारी होत्या. लोक तिच्या पायांकडे बघत होते आणि ती उतरली की हसत होते. वंदना एकदाही अडली नाही. चंद्रभान मला म्हणाला, "बघा, रंगानं काम केलं का न्हाई?" मिरवणुकीची बातमी वेळेत गेली.

१५ एप्रिल

सकाळी ओट्यावर बसली होती. पायरीच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "हे परवापर्यंत निळं होतं. काल एकही कड दिसली नाही."

मग उतरलीस कशी?

"पायरी आली की तानुबाई माझा हात दाबायच्या. खाली बघायचं मी लोकांसाठी बघत होते. त्यांनी एवढं केलं, तर त्यांना दिसायला नको?"

 मग म्हणाली, "मास्तरांना कार्ड लिहा. काठी घेऊन उतरा म्हणावं. खाली नाव माझं घाला."

कार्ड दुपारीच टाकलं. शुक्रवारी मास्तर उतरतील. स्टेशनवर घ्यायला ती आणि तानुबाई जाणार आहेत. मला बजावलंय – मागे मागे येऊ नका.