पाचवीच्या आदल्या दुपारी

धरणगाव,
१२ डिसेंबर

सौ. झुंबरअक्का विहीणबाईंना कोकिळाचा नमस्कार.

आबांचा गुडघा आता बरा असेल. इकडे कापसाची वेचणी चालू आहे, बाया मिळता मिळत नाहीत. सोबत भरताची वांगी पाठवली आहेत, आमच्याच मळ्यातली. कापसाच्या काड्यांवर भाजा, गॅसवर नको. बघा, पत्रातसुद्धा तुम्हाला शिकवायची माझी खोड जात नाही!

फोन दोनदा लावला होता. तुम्ही "बोला विहीणबाई" म्हणालात आणि मी वांग्यांचंच बोलत बसले. म्हणून लिहिते आहे.

बाळ आता नीट दूध ओढतं, असं सारिका काल फोनवर म्हणाली. ऐकून बरं वाटलं. पण मी खोदून विचारलं तेव्हा हेही कळलं, की तिकडे पारोळ्याला बाळाजवळ तिला एकटीला बसू देत नाहीत. आई असून हिला पोराचा श्वास कळला नाही, हिच्यावर काय भरवसा, असं तुम्ही म्हणालात. वर सारिका मलाच समजावते, "जाऊ दे ना आई, बोलतील चार दिवस."

अक्का, तिला कळलं होतं.

पाचवीच्या आदल्या दुपारी मी पुरणाची डाळ निवडत होते. सारिकाने हाक मारली. बाळ दूध सोडून देत होतं, मधूनमधून कण्हत होतं. दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी तिला शिकवलं होतं, बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा. साठ किंवा त्याहून जास्त भरला, बरगड्यांखाली खड्डा पडला, नाकपुड्या फुलल्या किंवा बाळ पिईना, तर वाट बघायची नाही, लगेच आणायचं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा बहात्तर. खड्डा मलाही दिसला. हो, दिसला.

मी म्हटलं, "उगी राय. सर्दी शे."

उद्या पारोळ्याहून तुम्ही पाचजणी पूजेला येणार, बठ्ठं गावच्या गाव जेवायला येणार आणि बाळ दवाखान्यात? पाचवी पुजल्याशिवाय बाळाने उंबरा ओलांडायचा नसतो, हे मी तिला ठणकावून सांगितलं. खरं सांगू? सटवाईपेक्षा मला तुमची भीती जास्त होती. कोकिळाला एक बाळंतपण धड निभावता आलं नाही, असं तुम्ही म्हणाल, याची. मी ओव्याची धुरी दिली, एरंडाच्या पानाने छाती शेकली. ती पुन्हा मोजायला लागली तेव्हा खिळ्यावरचं घड्याळ काढून पेटीत घातलं. ती रडली, तर बाळंतिणीने रडू नये म्हणून वर तिलाच रागावले.

सकाळी तुम्ही आलात, दुपटं बाजूला केलंत आणि ओरडलात, "ओठ निळे पडलेत याचे!" ओटीसुद्धा न भरता तुम्ही त्याला गाडीत घातलंत, म्हणून आज तो आहे. जळगावला डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, "आत्ता सकाळपासूनच." सारिका माझ्याकडे बघतच राहिली. मग तुम्ही तिला विचारलंत, "तुला कळलं नाही?" आणि ती म्हणाली, "नाही कळलं."

माझं पोर, टाके ओले असताना, नऊ दिवस त्या काचेच्या पेटीपाशी उभं राहिलं, आणि माझं पाप पदरात घेऊन गप्प बसलं. मी तिथेच होते, डबे पोहोचवत होते. एकदाही तोंड उघडलं नाही. थू माझ्या जिभेवर!

हे पत्र आबांना आणि जावईबापूंना, प्रेमराजरावांना, वाचून दाखवा. काय बोलायचं ते मला बोला, इथे येऊन चारचौघांत बोला. बारशाला नाही बोलावलंत तरी चालेल, पाळणा कुणाकडून तरी पाठवीन. फक्त बाळ तिच्याजवळ द्या. अजूनही झबलं वर करून ती घड्याळाकडे बघत बसते, म्हणे. तिला मोजू द्या, अक्का.

तुमच्यासमोर मान वर करायची लायकी नसलेली,
सारिकाची आई,
कोकिळा