तीन नंबरच्या जोडावरचा ठसा

६ नोव्हें.
पद्मनाभपूरच्या डॉ.ची गाडी आली. टर्बो बसवायचा आहे, म्हणजे मॅनिफोल्ड आपणच घडवायचा. इंजिनातून निघणारे चार पाइप वळवून एकात आणायचे. सगळं स्टेनलेस. बाबा शेडच्या दारात खुर्चीत. म्हणाले, "एक जोड मले दे वं, मंजू." स्टील प्लांटात पस्तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस माझ्याकडे मागतो! म्हटलं, घ्या तीन नंबरच्या पाइपाचा. आई मागून डोळे वटारत होती. बाबांचे हात थरथरतात हे मला काय दिसत नाही?

९ नोव्हें.
पाइप कापले, वेल्डचे टाके घालून जागेवर धरले. फ्लँज, म्हणजे पाइपांच्या बुडाची जाड पट्टी, इंजिनाच्या जुन्या हेडवर बोल्टांनी आवळून ठेवला, नाहीतर तापून वाकतो. "गरम असताना बोल्ट सोडू नको." चौथ्यांदा सांगितलं. हो बाबा.

११ नोव्हें.
बाबांनी तीन नंबर केला. पाऊण तास लागला, मनगटाखाली उशी. मग रुमालात बांधलेले आकड्यांचे पंच काढून जोडाशेजारी ठोकलं: ४७. प्लांटात प्रत्येक वेल्डरचा नंबर असायचा, जोड फुटला तर कोणाचा ते कळावं म्हणून. ४७चा कधी फुटला नाही. इतके खूश होते, मी चहा दोनदा केला.

१२ नोव्हें.
आई-बाबा पावर हाउसच्या बाजारात, औषधं आणायला. तेवढ्यात गळती बघायला मॅनिफोल्डमध्ये हवा भरून साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे. फक्त तीन नंबरला.
घासून काढला, पुन्हा भरला. ४७ला धक्का लावला नाही. सांगायचं नाही. हात धुताना रडू आलं.

१३ नोव्हें.
बाबांनी जोडावर अंगठा फिरवला. परत फिरवला.
"हा जोड तुहा आहे."
"नाही बाबा."
"तू डावखुरी. वेल्डच्या लहरा उलट्या पडल्या. मले सांगितलं कावून नाही?"
"तुमाले वाईट वाटलं असतं."
"वाटलं असतं तं वाटलं असतं. दुसऱ्याच्या जोडावर माहा नंबर कावून ठेवला?"
जेवले नाहीत. खरं तेच बोलले.

१४ नोव्हें.
अबोला. आई म्हणते, "दोघंबी सारखेच." डॉ.चा फोन, गाडी केव्हा.

१५ नोव्हें.
कानशीच्या आवाजाने जाग आली. बाबा ४७ घासत होते. थांबत, दम घेत. मी मदत नाही केली, ते त्यांनीच करायचं होतं. झाल्यावर पंच माझ्यापुढे सरकवले.
"टाक आपला नंबर."
म्हटलं, माझा कुठला नंबर?
"मंग परीक्षा दे. नंबर परीक्षेबिगर भेटत नाही."
"अकरा वर्षं हेच करून राहिली मी, बाबा."
"माह्यासमोर दिली का?"

१६ नोव्हें.
दिली. पाइपाचे दोन तुकडे, गोल जोड. बाबा शेजारी स्टुलावर, डोळ्यांपुढे काळी काच. सुरुवातीलाच हात थरथरला. माझा! बाबांनी आपली उशी माझ्या मनगटाखाली सरकवली. किती वर्षांनी इतक्या जवळ बसलो होतो.
मग बाबा जोड उभा कापून भिंगाने आतली बाजू बघत बसले. मॅनिफोल्ड टेबलावर, घासलेली जागा चकचकीत आणि रिकामी. डॉ.चा फोन परत आला, उद्या सांगते म्हटलं.
"पास ना, बाबा?"
"थांब. उजेडात पाहू दे."
आईने हाक मारली तसा तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पानावर बसले. वरण दोनदा मागितलं.