शिशाच्या पट्टीवरचा प्रश्न

एवांद्रोसकडून मेलिताला आनंद असो.

दोदोनाला, झ्यूसाच्या देवस्थानी, सुखरूप पोहोचलो. पायाची सूज उतरली आहे. मेंढ्यांचा खोकला कसा आहे? तुझ्या आईला आता जेवण जातं का?

झ्यूसाला मेंढ्यांबद्दल विचारतो, असं तुला सांगून निघालो होतो. पण प्रश्न कोरायला शिशाची पट्टी हातात घेतली आणि डोळ्यांपुढे शेजारचा थेओन आला. तो आपलं छप्पर शाकारायला येतो, "वहिनी, दादा देवापुढे बसला की उठतोय कधी!" म्हणतो, आणि तू पोट धरून हसतेस. माझ्या बोलण्यावर तू कधी हसली होतीस, ते मला आठवत नाही. मी कोरलं, 'माझी बायको माझीच आहे का?'

मेंढ्यांचं विचारायचंय असं सांगून पट्टी दुमडून म्हाताऱ्या पुजारणीपुढे धरली, पण ती हातातून सुटेना.

"काय रे, मेंढ्यांचं विचारायला इतका घाम फुटतो होय?" पुजारीण म्हणाली.

मला लाज वाटली. तुझ्याविरुद्ध देवाला साक्षीला बोलावणारा मी कोण? अक्षरं घासून पुसली आणि त्याच पट्टीवर नवं कोरलं, 'कोणत्या देवाला नैवेद्य दाखवला तर माझा मत्सर जाईल?'

उत्तर आलं, "चुलीच्या देवीला, हेस्तियाला. आपल्या घरी, नवराबायकोने मिळून."

मिळून म्हटल्यावर तुला सांगणं भाग आहे, म्हणून हे लिहिलं. मत्सर अजून गेलेला नाही. इथे वारा सुटला तरी वाटतं, आपली कौलं उडाली असतील आणि थेओन आला असेल. मी आलो की हवं तेवढं रागाव, पण चुलीपाशी माझ्या शेजारी बस.

बरी राहा.